आंद्रे जाक गार्नेरँ : पॅराशूटच्या छत्राला जीव सोपवणारा माणूस

पॅराशूट म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर विमान येतं. पण विमान उडालं १९०३ मध्ये. पॅराशूट त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधीचं आहे. मग तेव्हा माणूस उडी मारायचा तरी कशातून? तर फुग्यातून! अशी उंचावरची उडी यशस्वी करून दाखवणाऱ्या आंद्रे जाक गार्नेरँ यांच्या जीवनाची आज ओळख करून घेऊ.

गार्नेरँ यांचा जन्म ३१ जानेवारी १७६९ रोजी पॅरिसला झाला. ते चौदा वर्षांचे असताना, १७८३ मध्ये, फ्रान्समध्ये माणसाने फुग्यातून पहिलं उड्डाण केलं. त्याच वर्षी लनोर्मां यांनी माँपेलिए शहरात मनोऱ्यावरून पॅराशूट घेऊन उडी मारली. पण त्या पॅराशूटला लाकडी सांगाडा होता. गार्नेरँ तरुणपणी युद्धात पकडले गेले आणि त्यांना बुडा येथील किल्ल्यात काही वर्षं कैदेत काढावी लागली. तिथून सुटल्यावर त्यांनी सांगाड्याशिवाय, नुसत्या कापडाचं छत्र तयार केलं. ते साधारण ७ मीटर रुंद होतं.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या मोन्सो बागेत लोक जमले. फुग्याखाली मिटलेल्या छत्रीसारखं छत्र लटकत होतं आणि छत्राखाली टोपलीत गार्नेरँ उभे होते. सुमारे १००० मीटर उंचीवर त्यांनी फुग्याचा दोर स्वतःच कापला. आपला देवगिरीचा डोंगर साधारण २०० मीटर उंच आहे. तसे पाच डोंगर एकावर एक ठेवा, म्हणजे या उंचीचा अंदाज येईल.

छत्र उघडलं, पण टोपली घड्याळाच्या लंबकासारखी जोरजोरात हेलकावे खाऊ लागली. कारण काय? छत्राखाली कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. मग ती कधी या कडेने निसटायची, तर कधी त्या कडेने. गार्नेरँ धक्के खात का होईना, पण जिवंत उतरले. पुढे खगोलशास्त्रज्ञ लालांद यांनी छत्राच्या मध्यभागी एक भोक ठेवायला सुचवलं. भोकातून थोडी हवा सरळ वर निघून जाते आणि हेलकावे कमी होतात. गोल पॅराशूटच्या टोकाला असं भोक आजही असतं.

१७९८ मध्ये गार्नेरँ यांनी एका स्त्रीला फुग्यातून सोबत नेण्याचं जाहीर केलं, तेव्हा पोलिसांनी आधी मनाई केली. उंचावरच्या हवेने स्त्रीच्या नाजूक शरीराला अपाय होईल, अशी त्यांना शंका होती. पण १७९९ मध्ये झान लाब्रोस यांनी स्वतः पॅराशूटने उडी घेतली आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढे त्या गार्नेरँ यांच्या पत्नी झाल्या. त्यांची पुतणी एलिझा हिनेही अशा अनेक उड्या मारल्या. मुलींना हे आवर्जून सांगा बरं का!

इतक्या उंचावरून सुखरूप उतरलेले गार्नेरँ १८ ऑगस्ट १८२३ रोजी जमिनीवर, फुगा तयार करण्याच्या कामात असताना, तुळई लागून मरण पावले.

१८०२ मध्ये गार्नेरँ यांनी लंडनमध्ये उडी मारली होती. ती पाहून रॉबर्ट कॉकिंग यांना वाटलं, आपण हेलकावे न खाणारं छत्र बनवू. त्यांनी उलट्या शंकूसारखं छत्र केलं. कल्पना वाईट नव्हती, पण छत्राचंच वजन १०० किलोच्या वर गेलं, हिशेबात ते नीट धरलं नाही आणि जोडही कच्चे राहिले. २४ जुलै १८३७ रोजी ते छत्र हवेत मोडलं आणि कॉकिंग यांचा मृत्यू झाला. म्हणजे धाडस दोघांकडे सारखंच होतं. फरक पडला तो साधनामुळे.

म्हणूनच आज स्कायडायव्हिंगमध्ये साधनांची निवड आणि तपासणी फार काटेकोर असते. छत्र किती मोठं घ्यायचं ते उडी मारणाऱ्याचं वजन आणि अनुभव पाहून ठरतं. नवशिक्याला मोठं छत्र देतात, कारण ते सावकाश उतरतं. पाठीवरच्या पिशवीत मुख्य आणि राखीव अशी दोन छत्रं असतात. राखीव छत्राची घडी प्रमाणपत्र असलेला जाणकारच घालतो. ठरावीक उंचीपर्यंत माणसाने काहीच केलं नाही, तर राखीव छत्र आपोआप उघडणारं यंत्रही असतं. शिवाय उडीपूर्वी पायांचे आणि छातीचे पट्टे दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतात. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली. उडताना पदर पॅराशूटच्या दोऱ्यांत किंवा हँडलमध्ये अडकला तर काय होईल, याचा विचार अशा वेळी आधीच करावा लागतो.

वर्गासाठी उपक्रम : पातळ प्लास्टिकची दोन सारखी गोल छत्रं कापा. सारख्या लांबीचे दोरे बांधून खाली सारखं वजन लावा. एका छत्राच्या मध्यभागी छोटं भोक पाडा. शिक्षकांनी दोन्ही छत्रं उंचावरून सोडावीत आणि मुलांनी खाली उभं राहून कोणतं जास्त हेलकावतं ते वहीत लिहावं.

पालकांना एक विनंती. छत्री किंवा ओढणी घेऊन गच्चीवरून उडी मारता येते, असं लहान मुलांना खरंच वाटू शकतं. त्यांना नुसतं रागावू नका, हिशेब दाखवा. आपली छत्री साधारण १ मीटर रुंद, गार्नेरँ यांचं छत्र ७ मीटर. रुंदी सातपट, म्हणजे क्षेत्रफळ ४९ पट! आणि एवढं मोठं छत्र असूनही ते धक्के खात उतरले. हे गणित मुलाला पटलं की गच्चीवर छत्री घेऊन जाण्याआधी ते नक्की थांबेल.