जाईबाई चौधरी आणि नागपूरची पंगत

वर्धापनदिनाच्या भोजनाला विहारात आपण सगळे एकाच पंगतीत बसतो. पोरांना त्यात काही विशेष वाटत नाही, म्हणून नागपूरच्या एका पंगतीची हकीकत सांगावीशी वाटते. कारखान्यांच्या कामासाठी विदर्भातून पिंपरी-चिंचवडला आलेल्या कुटुंबांना जाईबाई चौधरी हे नाव ठाऊक असेल. बाकीच्यांनी ऐकून घ्यावे.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडला, त्या वेळच्या महार समाजात झाला. १८९६ च्या दुष्काळात घरच्यांनी नागपूर गाठले. १९०१ मध्ये, म्हणजे खेळायच्या वयात, बापूजी चौधरींशी लग्न झाले. पोटासाठी त्या हमाली करीत. तिथे मिशनच्या ग्रेगरी यांची नजर त्यांच्यावर गेली आणि मिशनच्या शाळेत शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना ४ रुपये.

पुढे बाईंची जात पालकांना कळली. त्यांनी मुले शाळेतून काढून घेतली आणि नोकरी गेली. डोक्यावर ओझे होते तोवर जात कुणाला खुपली नाही, हातात खडू आला तशी खुपली! पायरी सोडली की बाईमाणसाला शिक्षा द्यायची, हीच रीत. जाईबाई मात्र हमालीकडे परतल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपूरच्या न्यू कॉलनीत मुलींसाठी शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. ज्या पोरींना घरात भावंडं सांभाळायची आणि बाहेर शिवाशिव सोसायची, त्यांच्यासाठी ही शाळा होती.

१९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. शिकल्यासवरल्या, मोठ्या घरच्या बाया स्त्रियांच्या हक्कांसाठी जमल्या होत्या. जाईबाईही गेल्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांना बाजूला, वेगळे बसवले गेले. पुरुषांनी नव्हे, बायांनीच! एका शाळेच्या संस्थापिकेची ही गत, तर तिच्या शाळेतल्या पोरींची काय असेल?

अमेरिकेत रोझा पार्क्स या काळ्या बाईने बसमधली जागा सोडायला नकार दिला तो १९५५ साली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या बायांनी या अपमानाचा जाब विचारला. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी नागपुरात मोठी सभा घेऊन त्या पंगतीचा जाहीर निषेध केला.

दर १ जानेवारीला आपण इथून भीमा कोरेगावला जातो. यंदा वाटेत गाडीत पोरींना नागपूरच्या त्या सभेचीही गोष्ट सांगा.