हिवरगावची पवळा

पुण्याहून संगमनेरला जाताना अलीकडे हिवरगाव पावसा लागते. टोलनाक्यामुळे हल्ली हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्याच्या कितीतरी आधी हे नाव महाराष्ट्रभर नेले ते याच गावच्या एका महार मुलीने. पवळा हिवरगावकर ही आपल्या अहिल्यानगर, तेव्हाच्या नगर जिल्ह्याची आणि आपल्या समाजाची लेक. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते.

जन्म १८७० सालचा. वडील तबाजी भालेराव. पोर खंडोबाला वाहिली, ती मुरळी झाली. आमच्या बंधुभगिनींनी इथे जरा थांबावे. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लावलेली बाई. तिला घरसंसार नाही, मान तर नाहीच. भंडारा देवाचा आणि नजर गावातल्या बड्या लोकांची! पवळेचा गळा गोड, रूप देखणे. पण पुढची वाट तिने आपखुशीने धरली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तोवर तमाशात बाईचे काम नाच्या पोऱ्या करायचा. गवळणीतली राधासुद्धा लुगडे नेसलेला पोरगाच. ढोलकी, हलगी, तुणतुणे बहुतेक महार-मांगांच्या हाती. तिथे पवळा स्वतः चाळ बांधून उभी राहिली. पुढे तिची गाठ पठ्ठे बापूरावांशी पडली. हे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीने ब्राह्मण. तमाशाच्या नादाने त्यांनी घरदार, जात सोडली. त्यांची लावणी आणि पवळेचा आवाज असा फड जमला, की मुंबईचे गिरणी कामगार खेळाला लोटत.

आता नाजूक गोष्ट. १९२७ साली महाडच्या लढ्यासाठी पैसा हवा होता. बापूराव बाबासाहेबांकडे गेले आणि खेळांचे उत्पन्न देऊ केले. महार बायका नाचवून मिळालेला पैसा आपल्याला नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. पुढे १९३६ साली मुंबईच्या दामोदर हॉलमधल्या सभेत त्यांनी मुरळ्या, जोगतिणींना ते जिणे सोडायला सांगितले. आपले आंबेडकरी जलसेही तमाशाच्याच घडणीतून निघाले, पण देवाचा गण आणि गवळण त्यांनी टाकली.

म्हणून काही घरांत पवळेचे नाव काढले की आजही माना खाली जातात. आम्हाला ते पटत नाही. बाबासाहेबांनी पैसा नाकारला, आणि तिला मुरळी करणारी रूढी नाकारली. पवळा ही त्या रूढीची मालकीण नव्हे, बळी होती. आणि बळी असूनही कलावंत म्हणून कुणाला हार गेली नाही. लाज वाटायचीच तर पोर देवाला सोडणाऱ्या चालीची वाटावी.

पवळा १९३९ साली गेली. बापूराव १९४५ साली गेले आणि पाचच वर्षांत त्यांच्या नावाचा बोलपटही निघाला.