घटक ४ : जॉन ब्रॉडस वॉटसन – प्रयोगशाळेतून जाहिरातीच्या बाजारात

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• जॉन वॉटसन यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• वर्तनवाद आणि जाहिरात यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• जाहिरातीतील भावनिक आवाहनाचे स्वरूप उदाहरणांसह मांडता येईल.
• जाहिरातलेखनातील नैतिक जबाबदारीविषयी स्वतःचे मत बनवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जाहिरातीचा मजकूर कसा लिहावा, याचा विचार तुम्ही या अभ्यासक्रमात करत आहात. शब्दांची निवड, वाक्याची लांबी, मथळ्याची रचना ही त्याची बाह्य अंगे झाली. परंतु हे शब्द वाचणाऱ्याच्या मनावर काय परिणाम करतात आणि तो परिणाम शास्त्रीय रीतीने घडवून आणता येतो का, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील एका नामवंत मानसशास्त्रज्ञाच्या वाट्याला हा प्रश्न उपजीविकेचा म्हणून आला. त्यांचे नाव जॉन ब्रॉडस वॉटसन. त्यांचे चरित्र वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवा. माणसाच्या वर्तनाचे ज्ञान मिळवणे आणि त्या ज्ञानाच्या बळावर माणसाला वळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वॉटसन यांच्या आयुष्यात त्यांच्यातील सीमारेषा पुसट होत गेली.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बालपण आणि शिक्षण

वॉटसन यांचा जन्म ९ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, ग्रीनव्हिल शहराजवळील एका खेड्यात झाला. आई एमा अत्यंत धार्मिक वृत्तीची होती. मुलाने धर्मोपदेशक व्हावे या इच्छेने तिने एका प्रसिद्ध बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे नाव त्याला दिले. वडिलांचा स्वभाव याच्या अगदी उलट होता. वॉटसन तेरा वर्षांचे असताना वडील घर सोडून निघून गेले. घरची स्थिती हलाखीची होती आणि मुलगाही हूड म्हणून ओळखला जात होता. तरीही वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी ग्रीनव्हिलच्या फर्मन विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि एम. ए. पदवी संपादन केली.

पुढे ते शिकागो विद्यापीठात गेले. तेथे पडेल ते काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. पांढऱ्या उंदरांची शिकण्याची क्षमता आणि त्यांच्या मेंदूची वाढ यांच्या परस्परसंबंधावर प्रबंध लिहून १९०३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. उंदराला काय वाटते हे त्याला विचारता येत नाही. तो काय करतो एवढेच पाहता येते. अभ्यासाची हीच रीत माणसालाही लावता येईल, हा विचार त्यांच्या मनात या काळात रुजू लागला.

४.३.२ वर्तनवादाची मांडणी

१९०८ मध्ये वॉटसन बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या काळी मानसशास्त्रात अंतर्निरीक्षणाला मोठे स्थान होते. स्वतःच्या मनात डोकावून तेथील अनुभवांचे वर्णन करणे, ही अभ्यासाची मान्य पद्धत होती. वॉटसन यांना ती शास्त्रीय वाटेना. एकाच्या मनातील अनुभव दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९१३ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात व्याख्यान देऊन आपली भूमिका जाहीर केली. मानसशास्त्राने मनाची भाषा सोडून वर्तनाचा अभ्यास करावा आणि वर्तनाचे भाकीत व नियंत्रण हे आपले ध्येय मानावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. या विचारसरणीला आपण वर्तनवाद म्हणतो. १९१५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले.

वरील मांडणीतील ‘नियंत्रण’ या शब्दाकडे तुम्ही विशेष लक्ष द्या. ज्ञानाचे ध्येय नियंत्रण असेल, तर ते नियंत्रण कोणाच्या हाती आणि कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

४.३.३ अल्बर्ट नावाचे बालक

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले होते, की अन्नाबरोबर एखादा संकेत वारंवार दिला, तर पुढे नुसत्या संकेतानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. या प्रक्रियेला अभिसंधान म्हणतात. माणसाच्या भावनाही अशा रीतीने घडवता येतात का, हे वॉटसन यांना तपासायचे होते. १९१९–२० च्या हिवाळ्यात रोझाली रेनर या आपल्या विद्यार्थिनी-साहाय्यिकेसह त्यांनी एका बालकावर प्रयोग केला. शास्त्राच्या इतिहासात हे बालक ‘छोटा अल्बर्ट’ या नावाने ओळखले जाते.

सुमारे नऊ महिन्यांच्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवला, तेव्हा तो मुळीच घाबरला नाही. तो सुमारे अकरा महिन्यांचा झाल्यावर, उंदीर समोर आणून त्याच वेळी त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारण्यात आला. काही वेळा असे घडल्यावर अल्बर्ट नुसता उंदीर पाहूनही रडू लागला. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट अशा वस्तूंनाही तो भिऊ लागला. प्रयोग संपल्यावर त्याची ही भीती घालवण्याचा कोणताही उपचार झाला नाही. १९२० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. आजच्या संशोधन-नीतीच्या नियमांनुसार असा प्रयोग करण्यास अनुमती मिळणार नाही. या कथेचा एक दिलासादायक उत्तरार्धही तुम्ही नोंदवून ठेवा. मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने १९२४ मध्ये, वॉटसन यांच्याच सल्ल्याने, पीटर नावाच्या मुलाच्या मनातील सशाची भीती आवडत्या खाऊच्या साहाय्याने हळूहळू दूर करून दाखवली.

४.३.४ पदत्याग आणि नवा व्यवसाय

वॉटसन विवाहित होते. रोझाली रेनर यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले आणि पत्नीने घटस्फोटाचा मार्ग धरला. हे प्रकरण बाल्टिमोरच्या वृत्तपत्रांत गाजले. १९२० च्या शरद ऋतूत विद्यापीठाने त्यांना राजीनामा द्यावयास लावला. वॉटसन आणि रेनर यांनी लवकरच विवाह केला, परंतु विद्यापीठांची दारे मात्र त्यांना कायमची बंद झाली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांच्यापुढे पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला.

न्यूयॉर्कमधील जे. वॉल्टर थॉम्प्सन या मोठ्या जाहिरातसंस्थेचे प्रमुख स्टॅन्ली रीझर यांनी त्यांना काम दिले. सुरुवात अगदी पायरीपासून झाली. मिसिसिपी नदीकाठच्या गावांतून हिंडून लोक रबरी बूट कोणते व का घेतात, याची पाहणी वॉटसन यांनी केली. किराणा दुकानदारांकडे जाऊन कॉफी विकली. न्यूयॉर्कच्या मेसीज या भव्य दुकानात काही आठवडे विक्रेता म्हणून उभे राहून त्यांनी गिऱ्हाइकांचे निरीक्षण केले. काल-परवापर्यंत एका शास्त्रशाखेचे नेतृत्व करणारा प्राध्यापक गल्ल्यामागे उभा राहिला, आणि हे काम त्याने कमीपणाचे मानले नाही. गिऱ्हाईक हाही त्यांच्या दृष्टीने अभ्यासाचाच विषय होता. १९२४ मध्ये ते संस्थेचे उपाध्यक्ष झाले.

४.३.५ जाहिरातीविषयीचे विचार

वॉटसन यांच्या मते माणसात जन्मतः तीन भावना असतात : भय, क्रोध आणि प्रेम. इतर सर्व भावना अभिसंधानातून घडतात. म्हणून वस्तूचे गुणधर्म सांगत बसण्यापेक्षा त्या वस्तूचा धागा यांपैकी एखाद्या भावनेशी जोडावा, असे ते जाहिरातदारांना सांगत. डोळे बांधून सिगारेट ओढावयास दिल्यास, ओढणाऱ्यांना आपला नेहमीचा छापही खात्रीने ओळखता येत नाही, हे त्यांनी चाचणी घेऊन दाखवले. याचा अर्थ काय, याचा तुम्हीच विचार करा. वस्तू जवळजवळ सारख्याच असतील, तर गिऱ्हाईक पैसे मोजते ते वस्तूभोवती उभारलेल्या प्रतिमेसाठी.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरच्या जाहिरातींत तरुण मातांच्या मनातील काळजीला हात घातलेला दिसतो. आपले बाळ स्वच्छ आणि सुरक्षित आहे ना, ही शंका आधी जागवायची आणि मग डॉक्टरांच्या नावाने तिचे निरसन करायचे, अशी ही रीत होती. पेबेको टूथपेस्टच्या जाहिरातीत धूम्रपान करणारी आकर्षक तरुणी दाखवली गेली. या टूथपेस्टने दात घासले की धूम्रपानाची चिंता नको, असा तिचा आशय होता. येथे टूथपेस्टच्या आडून मोहकता विकली जात होती.

मात्र या सर्व तंत्रांचे जनकत्व वॉटसन यांना देणे योग्य ठरणार नाही. वॉल्टर डिल स्कॉट यांनी जाहिरातीच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ १९०३ आणि १९०८ मध्येच लिहिले होते. थॉम्प्सन संस्थेतील हेलन लॅन्सडाउन या कुशल लेखिकेने १९११ मध्ये वुडबरी साबणाच्या जाहिरातीत स्पर्श आणि प्रेम यांचे आवाहन वापरले होते. नामवंतांच्या शिफारशी छापण्याची प्रथाही जुनीच होती. वॉटसन यांचे खरे कार्य निराळे होते. जाहिरातीच्या धंद्याला त्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. आमच्याकडे वर्तनशास्त्राचा अधिकारी पुरुष आहे, हे सांगता येणे ही संस्थेसाठी स्वतःच एक प्रभावी जाहिरात होती.

याच संस्थेने १९२९ मध्ये मुंबईत आपली शाखा उघडली. पुढे हिंदुस्थान थॉम्प्सन या नावाने ती भारतात परिचित झाली. आपल्या जाहिरात-व्यवसायाचा या इतिहासाशी असा थेट संबंध आहे.

४.३.६ उत्तरायुष्य

जाहिरातीच्या व्यवसायात असतानाही वॉटसन लेखन करत राहिले. १९२८ मध्ये रोझाली यांच्या साहाय्याने त्यांनी बालसंगोपनावर पुस्तक लिहिले. मुलांना कुरवाळू नये, त्यांचे लाड करू नयेत, सकाळी हस्तांदोलन करावे, असा कठोर उपदेश त्यात होता. पुस्तक खूप खपले. पुढे स्वतः वॉटसन यांना ते लिहिल्याचा पश्चात्ताप झाला. त्यांच्या एका मुलानेही घरातील भावनिक कोरडेपणाविषयी नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली.

१९३५ मध्ये रोझाली यांचे अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निधन झाले. या आघातातून वॉटसन पूर्णपणे सावरले नाहीत. त्याच सुमारास ते विल्यम एस्टी या दुसऱ्या जाहिरातसंस्थेत गेले आणि १९४५ मध्ये निवृत्त झाले. नंतरचे दिवस त्यांनी कनेटिकट राज्यातील आपल्या शेतावर एकांतात घालवले. १९५७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने त्यांचा सुवर्णपदकाने गौरव केला. ते त्यासाठी न्यूयॉर्कला गेले, परंतु सभागृहात जाण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. त्यांनी मुलाला पुढे पाठवले. भावनांवर नियंत्रण मिळवता येते असे आयुष्यभर सांगणाऱ्या या माणसाला त्या क्षणी स्वतःच्या भावना आवरता येतील याची खात्री वाटली नाही. मृत्यूपूर्वी त्यांनी आपली कागदपत्रे जाळून टाकली. २५ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.

४.४ सारांश

वॉटसन यांनी मानसशास्त्राला निरीक्षणाची शिस्त लावली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अल्बर्टच्या मनात भीती निर्माण करणारी दृष्टी आणि तरुण मातेच्या मनात शंका जागवणारी दृष्टी यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी समोरच्या व्यक्तीची प्रतिक्रिया मोलाची ठरली. तिची संमती आणि तिचे हित मात्र दुय्यम राहिले. पीटरची भीती घालवणारा प्रयोगही याच शास्त्रातून निघाला, हे विसरू नका. दोष ज्ञानाचा नसून ते कोणत्या हेतूने वापरले जाते याचा असतो. उद्या तुम्ही जाहिरातीचा मजकूर लिहाल, तेव्हा वाचकाची खरी गरज आपण सांगत आहोत, की त्याच्या मनात नसलेली भीती पेरत आहोत, हे प्रत्येक वाक्यागणिक तपासा. आणि जाहिरात वाचणारे म्हणूनही हाच प्रश्न स्वतःला विचारा.

४.५ शब्दार्थ

वर्तनवाद : मनाऐवजी दृश्य वर्तनाचा अभ्यास करणारी विचारसरणी.
अंतर्निरीक्षण : स्वतःच्या मानसिक अनुभवांचे निरीक्षण.
अभिसंधान : दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्याने एकीची प्रतिक्रिया दुसरीला मिळू लागणे.
भावनिक आवाहन : विचारापेक्षा भावनेला उद्देशून केलेली मांडणी.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. अंतर्निरीक्षणावर वॉटसन यांचा आक्षेप कोणता होता?
२. अल्बर्ट आणि पीटर यांच्यावरील प्रयोगांची तुलना करा.
३. सिगारेटच्या चाचणीतून जाहिरातलेखकाने कोणता बोध घ्यावा?
४. जाहिरातक्षेत्रातील वॉटसन यांच्या कार्याचे मूल्यमापन करा.

४.७ उपक्रम

एखाद्या मराठी दैनिकाच्या एका आठवड्याच्या अंकांतील पाच जाहिराती कापून वहीत चिकटवा. प्रत्येक जाहिरातीत भय, प्रेम, प्रतिष्ठा यांपैकी कशाचे आवाहन आहे, ते तिच्याखाली लिहा. त्यांपैकी एका जाहिरातीचा मजकूर भावनिक आवाहन वगळून, केवळ वस्तूची खरी माहिती देऊन पुन्हा लिहा. दोन्ही मजकूर घरातील किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि त्यांचा प्रतिसाद नोंदवा.