दीनानाथ मंगेशकर

दीनानाथ गणेश मंगेशकर ऊर्फ मास्टर दीनानाथ (जन्म : मंगेशी, गोवा, २९ डिसेंबर १९००, मृत्यू : पुणे, २४ एप्रिल १९४२) हे मराठी संगीत रंगभूमीवरील नट, गायक, नाटक मंडळीचे चालक आणि चित्रपट-निर्माते होते. स्त्रीभूमिका करणारा बालनट म्हणून त्यांनी कारकिर्दीस प्रारंभ केला, अठराव्या वर्षी ते स्वतःच्या नाटक मंडळीचे भागीदार झाले आणि बोलपटांच्या आगमनानंतर चित्रपटनिर्मितीकडे वळले. या व्यवसायात त्यांना मोठे आर्थिक नुकसान सोसावे लागले. वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बालपण आणि शिक्षण

दीनानाथांचे वडील गणेशभट्ट हे मंगेशीच्या मंदिरात पुजारी होते. त्यांची आई येसूबाई ही देवळात गायनसेवा करणाऱ्या समाजातील होती. गायनाचे पहिले संस्कार दीनानाथांवर आईकडून व देवळातील संगीतातून झाले. पुढे गावाच्या नावावरून त्यांनी मंगेशकर हे आडनाव स्वीकारले. बालवयात त्यांनी बाबा माशेलकर यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले. नंतरच्या काळात रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

किर्लोस्कर नाटक मंडळी

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्यामुळे किर्लोस्कर मंडळीला स्त्रीभूमिकांसाठी नव्या गायक-नटाची निकड भासू लागली. १९१४च्या सुमारास दीनानाथ या मंडळीत दाखल झाले. देखणे रूप, उंच पट्टीचा आवाज आणि चपळ तान यांमुळे ते थोड्याच काळात लोकप्रिय झाले. याच मंडळीत त्यांचा नाटककार राम गणेश गडकरी यांच्याशी स्नेह जडला.

बलवंत संगीत मंडळी

१९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बलवंत संगीत मंडळीची स्थापना केली. गडकऱ्यांनी या नव्या मंडळीसाठी 'भावबंधन' हे नाटक लिहावयास घेतले. नाटक पूर्ण झाल्यानंतर लवकरच, २३ जानेवारी १९१९ रोजी, नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे गडकऱ्यांचे निधन झाले. नाटकाचा प्रयोग त्यांना पाहता आला नाही. या नाटकात दीनानाथांनी लतिकेची आणि चिंतामणरावांनी घनश्यामाची भूमिका केली. दोन्ही भूमिका गाजल्या व मंडळीचा पाया भक्कम झाला.

मंडळीच्या नाटकांचे वऱ्हाडाशी निकटचे नाते होते. गडकरी ज्यांना गुरू मानत ते नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव व जळगाव (जामोद) येथे वकिली केली होती. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभी' हे नाटक मंडळीने १९२७ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यात दीनानाथांनी तेजस्विनीची भूमिका केली. पारतंत्र्याविषयीच्या या नाटकातील त्यांची पदे महाराष्ट्रभर पोहोचली. १९३१ मध्ये मंडळीने वि. दा. सावरकर यांचे 'संन्यस्त खड्ग' सादर केले. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. या नाटकात दीनानाथ सुलोचनेच्या भूमिकेत होते. दोन्ही नाटकांना वझेबुवांचे संगीत होते.

गायकी

बालगंधर्वांची गायकी लडिवाळ व लयीशी खेळणारी होती. दीनानाथांची गायकी आक्रमक, वेगवान आणि अनपेक्षित स्वरवळणांची होती, व तिच्यावर पंजाबी ढंगाचा प्रभाव होता. 'मानापमान' नाटकात धैर्यधराची पुरुषभूमिका करताना त्यांनी रूढ चालींचे अनुकरण न करता पदांना आपल्या गळ्याला साजेशी नवी वळणे दिली. त्यांच्या गायनाच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत.

चित्रपट

१९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हे बोलपट प्रदर्शित झाले. कमी दरात गाणी व अभिनय दोन्ही मिळू लागल्याने प्रेक्षक चित्रपटगृहाकडे वळले. मोठा नटसंच, साजिंदे, पडदे व सामान घेऊन गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांचा खर्च मात्र कमी होण्यासारखा नव्हता. १९३३ मध्ये विश्राम बेडेकर यांचे 'ब्रह्मकुमारी' हे नाटक केल्यावर मंडळीच्या चालकांनी सांगली येथे बलवंत पिक्चर्स ही चित्रपटसंस्था काढली. 'कृष्णार्जुन युद्ध' (१९३४) हा तिचा चित्रपट मराठी व हिंदी या दोन भाषांत तयार झाला. त्याचे दिग्दर्शन बेडेकर व चिंतामणराव कोल्हटकर यांनी केले, तर दीनानाथांनी त्यात भूमिका केली. चित्रपटाला यश आले नाही. संस्था कर्जात बुडाली आणि तिच्याबरोबर नाटक मंडळीही मोडली. बालगंधर्वांनाही प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटानंतर पुन्हा रंगभूमीकडे वळावे लागले. दीनानाथांपाशी मात्र परतण्यासाठी भक्कम मंडळी उरली नव्हती.

कुटुंब आणि अखेरचा काळ

खानदेशातील थाळनेर येथील नर्मदा या त्यांच्या पहिल्या पत्नी होत. त्यांच्या निधनानंतर दीनानाथांनी त्यांची धाकटी बहीण शेवंती (माई) यांच्याशी विवाह केला. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही त्यांची अपत्ये. थोरल्या कन्येचे लता हे नाव 'भावबंधन'मधील लतिकेवरून ठेवण्यात आले. लहानग्या लताने 'सौभद्र' नाटकात वडिलांसोबत नारदाची भूमिकाही केली होती. दीनानाथांना ज्योतिषाचाही व्यासंग होता.

आर्थिक विवंचनेत कुटुंब सांगली सोडून पुण्यास आले. खालावलेल्या प्रकृतीत २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथांचे पुण्यात निधन झाले. तेव्हा लता १२ वर्षांची व हृदयनाथ ४ वर्षांचा होता. मास्टर विनायक यांच्या साहाय्याने लताला चित्रपटांत काम मिळाले. 'पहिली मंगळागौर' (१९४२) या चित्रपटात तिने भूमिका केली. अशा रीतीने ज्या व्यवसायात दीनानाथांची मंडळी बुडाली, त्याच व्यवसायाने पुढे त्यांच्या कुटुंबाला आधार दिला.

स्मारके

सांगली व विलेपार्ले (मुंबई) येथील नाट्यगृहांना आणि पणजी येथील कला अकादमीच्या सभागृहाला दीनानाथांचे नाव देण्यात आले आहे. पुण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालय २००१ पासून कार्यरत आहे. त्यांच्या स्मृत्यर्थ दरवर्षी २४ एप्रिलच्या पुण्यतिथीनिमित्त मास्टर दीनानाथ मंगेशकर पुरस्कार दिले जातात.