स्टीफन हिस्लॉप : विदर्भातील दगड वाचणारे मिशनरी

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज अनेकांना माहीत असते. पण ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे विदर्भातील जीवाश्मांचे पहिल्या पिढीतील अभ्यासक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरात आले. तिथे त्यांनी शाळा काढली, गोंड समाजाच्या कथा-गीतांची टिपणे केली. १८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांना टाकळीच्या खडकांत जीवाश्म शंख सापडले आणि दगड गोळा करण्याचा छंद जडला. चंद्रपूर भागातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले.

नागपूरजवळच्या कोराडीच्या तांबड्या खडकात मात्र हाड नव्हते की शिंपला नव्हता. होते ते चिखलातून सरपटलेल्या कृमींचे माग. कृमीचे मऊ शरीर कुजून जाते. पण त्याचा माग पुसला जाण्याआधी त्यावर गाळ बसला, तर तो दगडात टिकतो. शिंपल्यात, लाकडात किंवा खडकात जीवांनी पोखरलेली छिद्रेही याच प्रकारात मोडतात. हाड नदीबरोबर दूर वाहून जाऊ शकते. माग किंवा बीळ मात्र जीव जिथे वावरला, तिथलेच असते. म्हणून शरीर नसले तरी अशी खूण मोलाची ठरते.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातील प्रचंड हाडांकडेही हिस्लॉप यांनीच प्रथम अभ्यासकांचे लक्ष वेधले. याच गावाच्या शिवारात प्राचीन प्राण्यांची दगड झालेली विष्ठा सापडते. तीसुद्धा जीवाची खूणच. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका कण आढळले. डायनोसॉरच्या काळात गवत होते आणि ते खाल्लेही जात होते, हे त्यावरून कळले.

हिस्लॉप यांना हे पाहायला मिळणे शक्यच नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना ते पुराच्या नाल्यात बुडाले. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

पिसदुऱ्याचे दगड आजही शेतजमिनीत, उघड्यावर मिळतात. असा दगड आठवण म्हणून घरी नेला, की तो कुठल्या थरातला, कशाच्या शेजारचा, ही माहिती कायमची हरवते. त्यामुळे तो जागेवरच ठेवावा, फोटो काढावा, ठिकाण लिहून घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे.