लोहाला न जुमानणारा रक्तक्षय

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज डॉक्टर मुंबईच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, दोन पावले चालल्या तरी धाप लागे आणि कित्येक जणी दगावत. हे का होते, ते शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते.

विल्स यांचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. तिथे तेव्हा बायकांना शिकता येई, पदवी मात्र मिळत नसे. डॉक्टर झाल्या त्या १९२० मध्ये, लंडनला.

रक्तक्षय म्हटले की लोह द्यायचे, हे तेव्हाही ठाऊक होते. पण या बायकांना लोहाने गुण येईना. लोह कमी पडले तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. यांच्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या. म्हणजे उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती. विल्स यांनी कोणाच्या ताटात काय असते, ते पाहायला सुरुवात केली. भाजीपाला आणि फळे ज्यांच्या वाट्याला फारशी येत नसत, त्यांच्यातच हा आजार अधिक होता. मग उंदरांना आणि माकडांना तसाच आहार देऊन पाहिला. यकृताच्या साध्या अर्काने फरक पडे, पण तो महाग. स्वस्त उपाय सापडला तो मार्माइटमध्ये, म्हणजे पावाला लावून खायच्या यीस्टच्या अर्कात. तो दिल्यावर चार-पाच दिवसांत रुग्णांची भूक परत येऊ लागे. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अर्कात नेमके काय होते, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले गेले: फोलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे प्रमुख भारतीयच होते, यल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे १९९१ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. आधीचे मूल मज्जारज्जूच्या जन्मजात दोषाचे असलेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड दिले, तर पुढच्या बाळातला तो दोष बहुतांशी टळतो. मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्यातच मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचेही कळलेले नसते.

म्हणून लोह दुय्यम ठरत नाही. मेंदूला डोपामिन बनवायलाही ते लागते. साठा आटला की रात्री आडवे होताच पायांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हे विशेष जाणवते, आणि घरात ते थकव्यावर ढकलले जाते. हिमोग्लोबिन ठीक असले तरी साठा कमी असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत दिसतो.

आज सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आशाताई गरोदर बायकांना जी लाल गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या.

विल्स यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतरही त्या जमैका आणि फिजीत जाऊन आहार आणि रक्तक्षय यांचाच अभ्यास करत राहिल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.