हुमणी मारणाऱ्या बुरशीमागचा माणूस : इल्या मेचनिकॉफ

पावसाळ्याच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात गेलं की मेटारायझियमचे पुडे आणि बाटल्या समोरच मांडलेल्या दिसतात. ऊसवाले हुमणीसाठी नेतात, शेणखतात कालवून सरीत टाकतात. ही हिरवी बुरशी शेतातल्या किडीवर सोडायचा विचार ज्याने पहिल्यांदा केला, तो ना शेतकी अधिकारी होता ना औषध कंपनीवाला. समुद्रातले बारीक जीव सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसणारा तो एक प्राध्यापक होता. नाव इल्या इलिच मेचनिकॉफ. पुढे त्याला नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते या बुरशीसाठी नाही.

मेचनिकॉफचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात, आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा तो सगळा मुलूख रशियाच्या झारचा. वडील झारच्या खास पलटणीतले अधिकारी, आई ज्यू घराण्यातली. पाच भावंडांत इल्या शेंडेफळ. लहानपणापासून झाडपाला आणि किडे गोळा करायचा नाद. खारकिव्हच्या विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला आणि एकोणिसाव्या वर्षी पदवी घेऊन मोकळा झाला. मग जर्मनी, इटली, तिथले समुद्रकिनारे आणि रात्रंदिवस सूक्ष्मदर्शक. डोळे त्यातच बिघडले. पंचविशीत तो ओडेसा विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला.

हुशारी होती, पण मन खंबीर नव्हतं. १८६९ मध्ये त्याने ल्युडमिला नावाच्या मुलीशी लग्न केलं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी तिला चर्चमध्ये चालत जाता येईना म्हणून खुर्चीत बसवून उचलून नेलं. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. हवापालट हा एकच उपाय, म्हणून तो तिला घेऊन गावोगाव फिरला, पैशासाठी भाषांतरं केली, शेवटी पार अटलांटिक समुद्रातल्या मदेरा बेटावर नेलं. तिथे १८७३ च्या एप्रिलमध्ये ती गेली. मेचनिकॉफने मॉर्फिन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. डोस इतका मोठा घेतला की सगळा ओकून पडला आणि त्यामुळेच वाचला.

त्यानंतरची एक गोष्ट त्याच्या दुसऱ्या बायकोने लिहिलेल्या चरित्रामुळे माहीत आहे. मनाची तीच अवस्था घेऊन तो जिनिव्हात एका पुलावर उभा होता. कंदिलाभोवती किड्यांचा थवा घोंगावत होता. एवढं थोडं आयुष्य असलेल्या या जीवांना निसर्गाची निवड कशी लागू पडत असेल, असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि मरणाचा विचार मागे पडला. खरं-खोटं कंदिलालाच ठाऊक, पण माणूस परत कामाला लागला एवढं नक्की.

दुसरी बायको ओल्गा. ओडेसात त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक मोठं कुटुंब राहायचं. पोरांच्या दंग्याने वैतागून हा तक्रार करायला गेला आणि त्याच घरची मोठी मुलगी पुढे, १८७५ मध्ये, त्याची बायको झाली. ओल्गाच्या माहेरी शेतीवाडी होती. म्हणजे आता शेताशी नातं आलं.

आता मुख्य गोष्ट. ओडेसाच्या मागचा मुलूख म्हणजे मैलोन् मैल काळी जमीन. तिथला गहू ओडेसा बंदरातून युरोपभर जायचा. १८७८ च्या सुमारास या गव्हावर एका भुंगेऱ्याने धुमाकूळ घातला. अॅनिसोप्लिया ऑस्ट्रियाका हे त्याचं शास्त्रीय नाव. आपल्या हुमणीच्याच भुंगेरे कुळातला. याची अळीही जमिनीत राहून मुळं कुरतडते आणि मोठा झालेला भुंगेरा ओंबीवर चढून चिकात आलेला दाणा खातो, जेवढा खातो त्याहून जास्त सांडतो. दोन्हीकडून मार. फवारायला तेव्हा काही नव्हतं. माणसं लावून भुंगेरे वेचायचे, नाहीतर हताश होऊन बघत बसायचं.

ओडेसाच्या शेतकी मंडळींनी प्राणिशास्त्राच्या या प्राध्यापकाला गाठलं. मेचनिकॉफने वेगळी वाट धरली. कीड कशाने मारावी हे शोधण्याऐवजी ती आपोआप कशाने मरते हे बघायला तो बसला. माणसाला पटकी होते, गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, तसा किड्यालाही काही रोग होतच असणार. रेशमाच्या किड्याला बुरशीचा रोग होतो हे इटलीच्या अगोस्तिनो बास्सीने १८३५ मध्येच दाखवलं होतं. पण ते सगळे किडा वाचवायच्या मागे होते. मेचनिकॉफला किडा मारायचा होता.

जमीन उकरून त्याने अळ्या गोळा केल्या. काही अळ्या मेलेल्या, कडक झालेल्या आणि अंगावर हिरवी भुकटी धरलेल्या सापडल्या. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. निरोगी अळ्यांना ते लावल्यावर त्याही तशाच मेल्या. १८७९ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्ध केलं आणि बुरशीला किड्याच्याच नावावरून नाव दिलं. पुढे सोरोकिन या दुसऱ्या रशियन शास्त्रज्ञाने तिला मेटारायझियम म्हटलं आणि तेच नाव आज पुड्यावर छापलेलं असतं.

ही बुरशी मारते कशी, हे वापरणाऱ्याने समजून घेतलेलं बरं. ती अळीच्या पोटात जावी लागत नाही. बीजाणू कातडीला चिकटतो, ओल मिळाली की त्याला कोंब फुटतो, तो कोंब कातडी विरघळवत आत शिरतो आणि बुरशी अळीच्या रक्तात वाढते. काही दिवसांत अळी मरते. मग बुरशी बाहेर येते, आधी पांढरी, नंतर हिरवी. म्हणून हे औषध टाकल्यावर दुसऱ्या दिवशी रान उकरून बघण्यात अर्थ नसतो. जमिनीत ओल लागते, कडक उन्हात बीजाणू मरतात आणि सोबत बुरशीनाशक मिसळलं तर पैसे पाण्यात. मूळ अडचण मेचनिकॉफच्या वेळीही हीच होती. ओल असली तर काम, नसली तर नाही.

त्याने दुसरा जो विचार केला तो मात्र फार पुढचा होता. शेतात आपोआप रोग येईल म्हणून वाट का बघायची? बुरशी घरी वाढवून रानात सोडायची. बिअर बनवण्यासाठी धान्य भिजवून, शिजवून जो लगदा करतात, त्यावर त्याने ही बुरशी वाढवून दाखवली. आज प्रयोगशाळांत तांदळावर मेटारायझियम वाढवतात, ती याच कल्पनेची नात म्हणायची. १८८४ मध्ये क्रासिल्शिक नावाच्या शास्त्रज्ञाने स्मेला या गावी त्यासाठी छोटा कारखानाच उभारला आणि चार महिन्यांत ५५ किलो बीजाणू तयार करून शुगरबीटवरच्या सोंड्या किड्यासाठी वापरले. जगातला बहुधा हा पहिला जैविक कीडनाशकाचा कारखाना. पण गुण एका हंगामात आला, दुसऱ्यात नाही आला, असं होत राहिलं. नंतर रासायनिक औषधं आली आणि ही बुरशी कित्येक वर्षं पुस्तकात पडून राहिली.

रोगाला कामाला लावायची ही रीत पुढे तणावरही गेली. तिथे बुरशी वेगळी. आपल्या गव्हावर जो तांबेरा येतो, त्याच जातीच्या पण एकाच तणाला धरणाऱ्या बुरश्या असतात. ऑस्ट्रेलियात युरोपातून आलेलं काँड्रिला नावाचं तण गव्हाच्या रानात माजलं होतं. १९७१ मध्ये इटलीतून त्याचा तांबेरा आणून मुद्दाम सोडला. अरुंद पानाचं तण त्याने आटोक्यात आणलं. पण त्याच तणाच्या रुंद पानाच्या जाती त्याला दबल्या नाहीत, उलट मोकळी जागा मिळून त्याच वाढल्या. निसर्ग कधी सरळ हिशोब देत नाही. गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत, भारतात १९५० च्या दशकात पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं आणि तिथून ते बांधाबांधावर पोचलं. ऑस्ट्रेलियालाही त्याचा त्रास आहे. तिथे १९९१ मध्ये मेक्सिकोतून त्याचा तांबेरा आणून सोडला. हे काम सावकाश का करतात, त्यालाही कारण आहे. गाजर गवत सूर्यफुलाच्याच कुळातलं. परका रोग आणायचा आणि तो तणाऐवजी पिकावर बसला तर? म्हणून आधी बंदिस्त जागेत सूर्यफुलासारख्या जवळच्या पिकांवर तो घालून बघतात. त्यात वर्षं जातात. भारतातही मिकानिया नावाच्या परदेशी वेलीवर असा तांबेरा आसाम आणि केरळात २००५-०६ च्या दरम्यान सोडून पाहिला, पण तो तिथे टिकला नाही.

मेचनिकॉफकडे परत येऊ. १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वर झाला. ती वाचली, पण हा पुन्हा खचला. रशियात वातावरण बिघडलेलं, १८८१ मध्ये झारचा खून झालेला, विद्यापीठात राजकारण. त्याने उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. रोग रक्तातून पसरतो का हे बघायचं आणि मेलो तर आत्महत्येचा डाग नको, असा दुहेरी हिशोब. आजारी पडला, त्यातूनही उठला. विद्यापीठाची नोकरी मात्र १८८२ मध्ये सोडली.

त्याच वर्षाच्या शेवटी तो इटलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली. हा एकटा तारामाशाची पारदर्शक पिल्लं बघत बसलेला. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. या पेशी राखणदार तर नसतील? त्याने अंगणातल्या गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती त्या पेशींनी गराडा घातलेला. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून शरीर राखतात, हा शोध इथून सुरू झाला.

लोकांना पटवायला आणखी पुरावा हवा होता आणि तो पुन्हा बुरशीनेच दिला. डबक्यातल्या पाण्यात डॅफ्निया नावाचा बारीक पारदर्शक जीव असतो, त्याला एका बुरशीचा रोग होतो. सुईसारखे बीजाणू आतडं भोकसून अंगात शिरतात. मेचनिकॉफने डोळ्यांनी पाहिलं की पांढऱ्या पेशी त्या सुयांवर तुटून पडतात. त्या जिंकल्या तर डॅफ्निया जगतो, हरल्या तर मरतो. १८८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीत रोग कसा जिंकतो हे ज्याने शोधलं, त्यानेच शरीर रोगाला कसं हरवतं हेही शोधलं. नवल वाटावं अशी गोष्ट आहे, पण एकच डोळा दोन्हीकडे लागला होता.

१८८६ मध्ये ओडेसात पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस देणारं केंद्र निघालं, रशियातलं पहिलं. प्रमुख मेचनिकॉफ. पण तो डॉक्टर नव्हता, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांना खुपायचा. त्यात मेंढ्यांना काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची लस टोचताना काहीतरी चुकलं आणि हजारो मेंढ्या मेल्या. टोचताना तो स्वतः तिथे नव्हता, पण बोल त्यालाच लागला. ज्यांचे कळप गेले त्यांचं काय झालं असेल, याची कल्पना मेंढरं पाळणाऱ्याला सांगायला नको. १८८८ मध्ये तो देश सोडून पॅरिसला लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरने त्याला प्रयोगशाळा दिली आणि उरलेली अठ्ठावीस वर्षं तो तिथेच राहिला.

महाराष्ट्राशी त्याचा धागा जुळतो तो त्याच्या विद्यार्थ्यामुळे. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन त्याच्या मागोमाग पॅरिसला आला आणि तिथून भारतात. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा याच हाफकिनने प्लेगची लस बनवली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

१९०८ चं नोबेल मेचनिकॉफला जर्मनीच्या पॉल एर्लिशबरोबर विभागून मिळालं, पांढऱ्या पेशींच्या शोधासाठी. म्हातारपणी त्याने आंबवलेल्या दुधाचा ध्यास घेतला. बल्गेरियातली खेडूत माणसं दह्यामुळे जास्त जगतात, असं त्याचं मत. स्वतः रोज आंबट दूध प्यायचा. युरोपात त्यानंतर दह्याची चांगलीच चलती झाली. आपल्याकडच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती हसली असती.

दोनदा मरणाच्या दारात स्वतःहून गेलेला हा माणूस शेवटी दीर्घायुष्यावर पुस्तकं लिहीत होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं, प्रयोगशाळेतली तरुण पोरं आघाडीवर गेली, काम थांबलं. हृदय आधीच थकलेलं. १५ जुलै १९१६ रोजी एकाहत्तराव्या वर्षी पॅरिसमध्ये तो गेला. त्याच्या अस्थी तिथल्या पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात कलशात ठेवल्या आहेत.